मागची पानं

एकोणचाळीस वर्षांच्या अंगणवाडीला निरोप म्हणून
शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळात सेल घालायचा राहून गेला होता.
हिरकन्याबाई म्हणाल्या, "राहू द्या जी,
आता कोनाच्या वेळेवर जाचं हाय मले?"

मी तालुक्याहून आलो होतो, रजिस्टरं जमा करायला.
मोजणे, पोच देणे, गाडीत टाकणे.
बावीस निघाली. सुतळीला धानाचा कोंडा,
पानांना सुकडीचा वास.
दाराशी तो बांबू अजून उभा होता,
ज्यानं ढिवरांच्या या लेकीनं चुलबंदच्या पुरात
डोंगा रेटला होता,
लशीचा डबा पोटाशी बांधून.

पुढून वाचलं की सरकार:
नाव, आईचं नाव, वजन, डोस, सही.
मागून, त्याच कागदांच्या पाठीवर, वेगळंच गाव:

"कासाबाईनं मरायच्या आदल्या दिवशी सांगितलेले बोडीतले मासे.
डाडक, शिंगूर, वाघूर, काटवा, सवडा.
सवडा आता दिसत नाही."

"खालच्या बांदीला नवरीबुडी का म्हणतात.
तीन जणांनी तीन कारणं सांगितली. तिन्ही लिहिली."

"मंडईच्या दंडारीतलं गाणं.
चौथं कडवं फक्त शिवा डहाक्याला येते. विचारणे."
खाली चार ओळी कोऱ्या.
पुढच्या वर्षी गाणं नव्या रजिस्टरात उतरवलेलं,
"शिवा वारला",
आणि पुन्हा चार ओळी कोऱ्या.
दरवर्षी असंच. अक्षर आधी टपोरं, मग घाईचं, मग चष्म्याचं,
कोरी जागा तेवढीच.
सतराव्या रजिस्टरात दोन ओळी भरल्या:
"लाखांदूरला दिलेली त्याची भाची बाळंतपणाला आली.
कळा सोसताना म्हणत होती.
बाकीच्या दोन ओळींआधी पोरगी झाली."

हे सगळं कशाला, मी विचारलं.
"कशाले म्हंजे? लेकरू तोलेपर्यंत बाई बसून राहाची.
बसलेली बाई बोलते.
बोललेलं मंग ठेवू कुठी?"

सामानाची यादी वाचत गेलो.
वजनकाटा, नग एक. झोळी, नग दोन.
काटा तपासण्याचं माप, एक किलो, नग एक.
माप म्हणजे कापडाची पिशवी, आत लुचईचं धान.
"धान सुकते, माप हलकं होते.
म्हून दरसाल नवं पिकवून भरतो मी."
लुचई या शिवारात आता कोणी लावत नाही,
एका बाईच्या एका बांदीखेरीज,
सरकारी काट्यासाठी.
मी शेरा मारला, 'माप निकामी',
आणि पिशवी तिथंच विसरलो.

ऑफिसात आदेश होता: फक्त पुढची बाजू स्कॅन करणे.
नवव्या रजिस्टरात मी सापडलो.
वजन एक किलो आठशे. शेरा: "रोज जाणे."
त्यापुढे तारखा. एकोणसाठ.
पोळ्याच्या दिवशीचीसुद्धा.
माझ्या आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं,
की सांगितलं होतं आणि मी लिहून ठेवलं नव्हतं.

कागद पातळ, शाई पाझरणारी.
पडद्यावर माझ्या नावाखालून
उलटी अक्षरं वर येत होती,
शिंगूर, वाघूर,
गढूळ पाण्यात पाठ दिसावी तशी.
साहेब म्हणाले, "डाग येतोय. परत घे."
परत घेतलं.
आला.